व्याही, विहीण आणि डोंगर

आमच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून कुठंतरी जावं, अशी सूचना माझ्या बायकोनं मांडली आणि 'कुठं' हा प्रश्न मी आपणहून स्वतःकडे ओढून घेतला. मी शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलाच्या मास्तरच्या घरी 'कुठं' हे दुसऱ्यानं ठरवायचं म्हणजे न्हाव्याच्या घरी शेजाऱ्यानं येऊन वस्तरा चालवायचा. स्वाभिमान म्हणून काही चीज असते.

सहलीचं कारण साधं होतं. लेक पुढच्या शिक्षणासाठी लांबच्या शहरात जाणार होती. मुलं एकदा लांब गेली की घरी येतात ती पाहुण्यासारखी. आपण चांगल्या चादरी काढतो आणि ती "कशाला त्रास घेतलात" म्हणतात. तसं होण्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र जावं, असं बायकोच्या मनात होतं. "सगळे म्हणजे सगळे," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

आमच्याकडे 'सगळे' म्हणजे पाच माणसं. आम्ही तिघं, माझे वडील आणि बायकोची आई. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होते. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या भरवशावर वर गेली आणि सुखरूप खाली आली. आई गेल्यापासून मात्र अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. फाटकाबाहेर पाऊल नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "काही झालेलं नाही." हे ऐकून आम्हाला जास्तच काळजी वाटली.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण मेट्रनपण काही निवृत्त झालं नाही. आमच्या घरात चादरीचे कोपरे आजही इस्पितळातल्या खाटेसारखे दुमडलेले असतात आणि पाहुणा शिंकला तर तो दुसऱ्यांदा शिंकत नाही. व्याही आणि विहीण एका छपराखाली राहतात हे ऐकलं की लोक विचारतात, "भांडणं होत नाहीत?" नाही होत. भांडायला आधी बोलावं लागतं. "व्याही, चहा ठेवलाय." "बरं, विहीणबाई." एवढ्यावर त्या दोघांची दोन वर्षं गेली होती.

"डोंगरात जाऊ," लेक म्हणाली आणि आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांना डोंगर आवडत नाहीत हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य होतं. माझ्या लहानपणी डोंगराचा विषय निघाला की ते म्हणत, "काय ठेवलंय डोंगरात? दगड." मग आम्ही समुद्रावर जायचो. समुद्र मला इतका पाठ झाला की मी भरती-ओहोटी वर्गात पुस्तक न उघडता शिकवतो.

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाऊ."

"पण आजोबा, तुम्हाला आवडत नाहीत ना डोंगर?"

"नाहीच आवडत. पण जाऊ."

एवढ्यावर विषय संपला. आमच्याकडे कोण काय म्हणालं हे सगळ्यांना पाठ असतं; का म्हणालं, हे विचारायची पद्धत नाही.

आता डोंगर कुठला? प्रसिद्ध डोंगर मी पहिल्या झटक्यात बाद केले. तिथं माणूस शहरातली गर्दी सोडून जातो आणि तीच गर्दी लोकरीच्या टोप्या घालून भेटते. मला कुणाच्या फारसा ऐकिवात नसलेला भाग हवा होता. मी जमिनीवर मोठा नकाशा पसरला, त्यावर गुडघे टेकून दोन संध्याकाळी काढल्या आणि एका लांबच्या दरीतलं एक बारीकसं गाव शोधून काढलं. फोन करून तिथलं अतिथिगृहही ठरवून टाकलं. हा शोध मी इतक्या मोठ्यानं जाहीर केला की तो वरच्या मजल्यापर्यंत पोचला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त विमा अधिकारी राहतात. ते लगेच खाली आले. जगात काय काय घडू शकतं, यावर त्यांनी आयुष्य काढलंय. काय घडतं, यात त्यांना रस नाही. "या गावाचं नाव मी कधी ऐकलं नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच निवडलं," मी म्हणालो.

"मी ऐकलं नाही याचा अर्थ तिथून आजवर एकही दावा आलेला नाही. आणि याचा अर्थ काय? एक तर तिथं काही घडत नाही, किंवा घडल्यावर सांगायला कोणी उरत नाही." असं म्हणून त्यांनी मला एक जाडजूड दोर दिला. कशासाठी, ते सांगितलं नाही. नुसते खांद्यावर थोपटून गेले.

तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं एक पिशवी भरून दिली. तीत मळमळीच्या, डोकेदुखीच्या आणि थंडीच्या गोळ्या होत्या आणि या गोळ्यांनी होणाऱ्या मळमळीवरच्या वेगळ्या गोळ्या होत्या. समोरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उंचावर सगळा खेळ श्वासाचा. पोटातून घ्या." त्यांनी आम्हाला जिन्यातच उभं करून श्वास घ्यायला लावला. तेवढ्यात दूधवाला आला, आणि एक अख्खं कुटुंब पोट फुगवून उभं असलेलं बघून आवाज न करता बाटल्या ठेवून गेला.

पण हे सगळं लग्नाआधीच्या बैठकीसारखं. खरी परीक्षा पुढंच होती. त्या दरीत जायला वनखात्याचा परवाना लागतो असं कळलं आणि मी शाळेतून अर्धी रजा टाकून खात्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक कारकून पेन्सिलीला टोक करत बसले होते. टोक पुरेसं झालं नव्हतं, म्हणून मी थांबलो.

"कुटुंबात कोण कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी, पत्नी, मुलगी, वडील आणि सासूबाई."

"सासूबाई येत नाहीत."

"येणार आहेत. बॅग भरून बसल्यात."

"तसं नाही हो. कुटुंबात येत नाहीत. कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याची पत्नी, मुलं आणि आईवडील."

"मग पत्नीनं अर्ज केला तर?"

"तर त्यांच्या आई येतील. तुमचे वडील गळतील."

मी दोन्ही चित्रं डोळ्यांपुढे आणून पाहिली. दोन्हींत घरी परतल्यावरचं माझं भवितव्य सारखंच होतं. "दोघांनी दोन अर्ज केले तर?"

"पत्ता एकच ना? एका पत्त्यावर दोन कुटुंबप्रमुख कसे चालतील?"

ते चालतात हे मला लग्नापासून ठाऊक होतं, पण सरकारी कागदावर सिद्ध करणं अवघड. "मग सासूबाईंचा स्वतंत्र परवाना काढतो."

"वय?"

मी वय सांगितलं.

"ज्येष्ठ नागरिकांना एकट्यानं सोडत नाही. कुटुंबासोबत यावं लागतं."

"पण त्या कुटुंबात येत नाहीत!"

"तेच तर मघापासून सांगतोय," ते म्हणाले, आणि उशिरा का होईना विद्यार्थ्याला समजलं, अशा समाधानानं त्यांनी दुसरी पेन्सिल घेतली.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मला थोडी सहानुभूती अपेक्षित होती. सासूबाईंनी फक्त विचारलं, "कार्यालय उघडतं कधी?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच गेल्या आणि जेवायच्या आत परवाना घेऊन परतल्या. त्या कारकुनांच्या डोळ्यांखालची सूज बघून सासूबाईंनी त्यांना रक्ततपासणी करायला सांगितली होती, आणि त्यांच्या साहेबांनाही. परवान्यावर आम्ही चौघं कुटुंब म्हणून होतो. खाली वेगळ्या रकान्यात लिहिलं होतं: 'रुग्णासोबतची परिचारिका – एक.'

"रुग्ण कोण?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही, व्याही."

"मी? मला काय झालंय?"

"ते मी अजून ठरवलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आल्या.

आमची समजूत अशी, की हा कागदापुरता बनाव आहे. मेट्रनची समजूत तशी नव्हती. "कागदावर माझं नाव आहे. रुग्ण डोंगरात आडवा झाला तर जबाबदारी माझी. उद्यापासून जिना." आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून जिना सुरू झाला. अण्णा खुर्ची सोडायला तयार नव्हते. सासूबाईंनी खुर्चीच दुरुस्तीला पाठवून दिली. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"पाय उचला, व्याही. फरशी पुसायला निघालो नाही आपण."

"विहीणबाई, लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून मी आयुष्यभर झटलो. आणि आता तुम्ही मला चढवताय?"

"म्हणून तर तुमचे गुडघे नव्यासारखे राहिलेत. वापरलेतच कुठं?"

आधी ते जिन्यावरून फाटकापर्यंत गेले. मग कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत, मग बागेपर्यंत. विमावाले गॅलरीतून बघत आणि दोघं परत आले की "आज टळलं" अशा नजरेनं आत जात. एका संध्याकाळी मी आणि बायको खिडकीत उभे होतो. खाली रस्त्यावर दोघांचं जोरात जुंपलं होतं. रस्ता कुठल्या बाजूनं ओलांडायचा, असा काहीतरी मुद्दा होता. अण्णा हात हलवून हलवून बोलत होते.

"ऐकलंत?" बायको हळूच म्हणाली. "अण्णांचा आवाज चढलाय."

आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही दोघांनी पडद्याआड उभं राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

मग एकदाचे निघालो. भाड्याच्या जीपमध्ये पाच माणसं, सहा बॅगा, औषधांची पिशवी आणि तो दोर. घाट लागला तसा मी भूगोल सुरू केला. घड्या कशा पडतात, दऱ्या कशा कोरल्या जातात. पहिल्या वळणाला लेकीनं कानात गाणी ऐकायचं यंत्र घातलं, दुसऱ्या वळणाला बायको झोपली, तिसऱ्या वळणाला मला मळमळायला लागलं आणि भूगोल तिथंच थांबला. मी पाच मिनिटं रस्त्याकडेला वाकून उभा होतो. अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून वर, पार वर बघत होते. त्यांना काही मळमळ वगैरे नव्हती.

दुपार कलता कलता आम्ही गावात पोचलो. गाव अगदी मला हवं तसं होतं. दगडी घरं, फळबागा, मागे डोंगराची एक उंच धार आणि शांतता. फक्त अतिथिगृह कुठं दिसेना. मी व्यवस्थापकांना फोन लावला.

"आम्ही गावात पोचलोय."

"या या! पूल ओलांडलात?"

"पूल कुठला? इथं नदीच नाही."

"नदी नाही कशी? मी नदीसमोर उभा आहे. तुम्ही नक्की कुठं आहात?"

"तुमच्या गावात."

"गावात तर मी आहे, साहेब."

थोडक्यात सांगायचं तर त्याच नावाची दोन गावं होती. एक धारेच्या या बाजूला, एक पलीकडच्या दरीत. मी फोन केला होता पलीकडच्या गावाला आणि रस्ता काढला होता अलीकडच्या गावाचा. मधे एक डोंगर. चालत गेलं तर एवढा एक चढून उतरायचा. गाडीनं जायचं तर सगळा घाट उतरून, खालून वळसा घालून, पुन्हा दुसरा घाट. चालक म्हणाला, अंधारात तो रस्ता तो घेणार नाही. मीही आग्रह धरला नाही. माझ्या पोटात तेवढं भूगोलप्रेम उरलेलं नव्हतं.

लेकीनं फक्त मोठ्या नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नकाशाची घडी घालून तो बॅगेत तळाशी ठेवून दिला. विद्यार्थ्यांसमोर अनेकदा अपमान झालाय माझा, पण इतक्या नीट घडी घालून नाही.

गावात फळं साठवायचं एक गोदाम होतं आणि वर मजुरांसाठी बांधलेल्या दोन खोल्या हंगाम संपल्यामुळे रिकाम्या होत्या. गोदामाची मालकीण म्हणाली, "राहा की. पण इथं मुक्कामाला कुणी येत नाही. तुम्ही कसे आलात?"

"मुद्दाम," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड खोकली. खोल्यांना सफरचंदांचा वास होता. सासूबाईंनी गाद्या उलटून पाहिल्या, चादरींचे कोपरे दुमडले आणि "चालेल" म्हणाल्या. मी परवानाधारक कुटुंबप्रमुख असून एका फळीच्या टोकाला झोपलो आणि उद्या सगळ्यांना सॉरी म्हणायचं, असं ठरवून डोळे मिटले.

सकाळी उठलो तर बाहेर दाट धुकं, आणि अण्णांची गादी रिकामी. पलीकडच्या खोलीत सासूबाईंचीही. बूट नाहीत, काठी नाही. बायकोचा चेहरा उतरला. "आई सांगितल्याशिवाय कुठं जात नाही." मी खाली धावलो. मालकीण दारात खोकी रचत होती.

"तुमचे दोघं म्हातारे ना? ते वर गेले मघाशी. पायवाटेनं."

"वर? या धुक्यात? काही म्हणाले का?"

"मला काही नाही म्हणाले. एकमेकांना बरंच म्हणत होते."

मी आणि लेक धावत सुटलो. म्हणजे लेक धावली; मी तिच्यामागून पोटातून श्वास घेत गेलो, आणि तो पोटापर्यंत पोचतच नव्हता. वाट ओली होती. एका बाजूला उतार, खाली नुसतं पांढरं. मनात विमावाले बोलू लागले. घडल्यावर सांगायला कोणी उरत नाही. खुर्चीत बसू दिलं असतं तर निदान खुर्चीत तरी असते, असंही येऊन गेलं. दोन वर्षं ज्या खुर्चीचा मी राग केला तिचीच मला आठवण यायला लागली. मी हाका मारल्या, पण धुक्यात त्या दहा पावलं जाऊन विरत होत्या.

"बाबा, थांबा," लेक वरून म्हणाली. "ऐका."

वरून कुणाचं तरी भांडण ऐकू येत होतं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही.

धारेवर एका सपाट दगडावर दोघं बसली होती. अण्णांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता. "हलू नका हो," सासूबाई म्हणत होत्या आणि अण्णा हलत होते, कारण त्यांना मान वळवून दोन्ही बाजूंना बघायचं होतं. आम्ही दिसलो तसे ते म्हणाले, "आलात? धुकं निवळतंय बघा."

मला खूप बोलायचं होतं. पण आधी दम लागला होता, आणि दम ओसरला तेव्हा अण्णांचा चेहरा दिसला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. शाळेच्या सहलीतल्या मुलांचा असतो तसा होता.

लेक त्यांच्या पायाशी बसली. "आजोबा, खरं सांगा. तुम्हाला डोंगर आवडत नाहीत?"

अण्णा सासूबाईंकडे बघू लागले.

"सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मला सांगितलंत ते त्यांनाही सांगा."

"तुझ्या आजीला उंचीची भीती होती," अण्णा म्हणाले. "फार. गॅलरीत कपडेसुद्धा मीच वाळत घालायचो. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आम्ही डोंगरातच गेलो होतो. घाटात तिनं डोळे मिटून माझा दंड असा धरला की काळानिळा झाला. परत आल्यावर रडली. म्हणाली, सगळे हसतील मला. मी म्हटलं, तुझं नाव घेतंय कोण? मलाच आवडत नाहीत म्हणून सांगू."

"आणि मग आयुष्यभर तेच सांगितलंत?"

"एकदा सांगितलं की सांभाळावं लागतं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं कधी कधी." त्यांनी काठीनं एक खडा ढकलला. "मग उंच इमारतीचं काम मागून घ्यायचो. लिफ्टची मशीनखोली गच्चीवर असते. दुपारचा डबा तिथं खायचो. लांबवर, हवा स्वच्छ असली तर, डोंगर दिसायचे."

हा माणूस रोज संध्याकाळी रिकामा डबा मोरीत ठेवायचा आणि मी त्याला समुद्राचे प्रश्न विचारायचो. वर्गात मी डोंगरांचे प्रकार शिकवत आलो, आणि घरात एक माणूस चाळीस वर्षं एकच डोंगर लपवून बसला होता.

"आधी का नाही सांगितलंत, अण्णा?" मी म्हणालो. "आई गेल्यावर तरी?"

"तेव्हा तर मुळीच नाही. वाटलं, चहाडी होईल तिची. ती उत्तर द्यायला नाही आणि मी आपला सांगत सुटायचं."

"चहाडी कसली," सासूबाई पट्टा सोडत म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात मोठमोठे पैलवान सुई बघून आडवे व्हायचे. कुणी हसलं नाही. आणि तुम्ही आपणहून सांगितलं नसतंच. मी विचारलं म्हणून सांगितलंत."

ते खरंच होतं. आमच्या घरातली माणसं आम्ही केव्हाच ठरवून टाकली होती. हे असे, त्या तशा. मेट्रनला ती पद्धत ठाऊक नव्हती. त्यांनी जिना चढताना रुग्णाला विचारलं होतं, एवढंच.

तेवढ्यात बायको वर आली. एका हातात चहाचा थर्मास आणि खांद्यावर, देव जाणे का, तो दोर. तिनं आम्हाला चौघांना बसलेलं पाहिलं, आधी आईला आणि मग अण्णांना मनसोक्त रागावून घेतलं, आणि मग स्वतःच डोळे पुसून चहा ओतायला लागली. पेले दोनच होते. ते पाचांत फिरले.

धुकं पलीकडच्या दरीतून वर सरकलं. खाली नदी दिसली, पूल दिसला, आणि पुलाजवळ लाल छपराचं एक टुमदार घर. अतिथिगृह तेच. दारात एक माणूस उभा होता, बहुधा आमची वाट बघत. आम्ही येत नाही हे सांगायला मी व्यवस्थापकांना फोन लावला.

"अजून नाही पोचलात?" ते म्हणाले.

"पोचलो," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नसावं.

मग समोरची सगळी रांग उघडली. एकामागून एक निळसर कडे, आणि सगळ्यांत मागे एक पांढरं शिखर, ढगाच्या वर, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखं. घड्या कशा पडतात ते सांगायला माझं तोंड उघडलं होतं. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी ते मिटून घेतलं.

"काय नाव त्याचं?" अण्णांनी विचारलं. "त्या मागच्या शिखराचं."

मी पाहिलं. परत पाहिलं.

"मला नाही माहीत, अण्णा."

"असू दे," ते म्हणाले. "त्याला तरी आपलं कुठं माहीत आहे."

आणि थोडं सरकून त्यांनी मला दगडावर जागा करून दिली.